सासवडची 1951 ची शेवरोले पिकअप: दुसरा गिअरबॉक्स बसवायचा की मूळचाच नव्याने बांधायचा?

पार्श्वभूमी

गाडी 1951 ची शेवरोले 3100, अर्ध्या टनाची पिकअप. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून होता आणि तो 1954 मध्ये बंद झाला. ही गाडी त्या शेवटच्या काही वर्षांतली. सासवडजवळच्या एका बागायतदार कुटुंबाने ती घेतली आणि बरीच वर्षं अंजीर, सीताफळ, भाजीपाला घेऊन ती दिवे घाटातून पुण्याच्या मंडईत येत राहिली. पुढे घरात टेम्पो आला आणि पिकअप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली.

आताचे मालक पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, एवढीच त्यांची इच्छा. माल वाहायचा नव्हता. रविवारी सकाळी पुण्यातून सासवडला जावं, यावं, वर्षातून एकदोन जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना न्यावी, इतकंच. त्यांच्या मुलीला स्वतः चालवायची होती, तिची एकच अट: गाडीने भर रस्त्यात दगा देऊ नये.

इंजिन आधीच दुसरीकडे बांधून झालं होतं. गिअरबॉक्स आणि क्लचचं काम मात्र त्या गॅरेजने अर्धवट सोडलं होतं. गाडी नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे आली. मापं घेणं, नोंदी ठेवणं आणि भाग शोधणं हे काम माझ्याकडे होतं.

अडचण

तक्रारी चार होत्या. पहिला गिअर टाकताना खडखडाट. दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटायचा. क्लच घसरायचा, म्हणजे इंजिन रेस घेई पण गाडी ओढत नसे. आणि स्टिअरिंगच्या नळीवरचा गिअरचा दांडा मधेच अडकून बसायचा.

या गाडीला पुढे जाण्याचे तीनच गिअर आहेत: पहिला 2.94 (म्हणजे इंजिनाच्या 2.94 फेऱ्यांना शाफ्टची एक फेरी), दुसरा 1.68, तिसरा सरळ 1. सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग आपोआप जुळवणारी रचना, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला. पहिला गिअर गाडी थांबलेली असतानाच टाकायचा, नाहीतर डबल क्लच मारून, म्हणजे मधे न्यूट्रलमध्ये आणून क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा वेग जुळवायचा. आता भरलेली पिकअप दिवे घाटात डोळ्यांसमोर आणा. वळणावर दुसऱ्यात दम निघतो, थांबलं तर मागच्या गाड्या अंगावर येतात, म्हणून ड्रायव्हर चालत्या गाडीतच पहिला ढकलतो. असं वर्षानुवर्षं झालं की दात्यांच्या कडा उडतात. बाजूचं झाकण काढल्यावर नेमकं तेच दिसलं. पहिल्या-रिव्हर्सच्या सरकत्या गिअरचे दाते एका बाजूने तिरके झिजून गोल झालेले, त्याच्या खाली फिरणाऱ्या काउंटर गिअरच्या दोन दात्यांचे कोपरे तुटलेले, आणि खाली साठलेल्या तेलात लोखंडाचा चुरा.

मिस्त्रींनी त्याआधी एक गोष्ट पाहिली होती. गाडी रॅम्पवर घेतल्या घेतल्या त्यांनी मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचा) तेलाची पातळी पाहायचा लेव्हल प्लग उघडला. तेल थेट बाहेर वाहू लागलं. गिअरबॉक्समध्ये मात्र तेल तळाला गेलेलं. त्यांनी दोन्हीकडचं तेल बोटांवर घासलं, वास घेतला आणि म्हणाले, "काका, तुमच्या गिअरबॉक्सचं तेल मागे चाललंय. नुसता गिअरबॉक्स बदलून हे थांबायचं नाही."

पुढचे सगळे निर्णय या निरीक्षणावर उभे राहिले, म्हणून ते नीट सांगतो. त्या काळातल्या शेवरोले 3100 मध्ये प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत फिरणारा दांडा, उघडा नसतो. तो एका जाड नळीत बंद असतो, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. नळीचं मागचं टोक अॅक्सलला पक्कं बोल्ट केलेलं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीशी एका गोलाकार जॉइंटमध्ये बसलेलं. आतला क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. नळीच्या पुढच्या भागात एक बुश आणि ऑइल सील असतं. ते झिजलं की गिअरबॉक्समधलं तेल शाफ्टच्या कडेने नळीतून हळूहळू मागे जातं. डिफरन्शियल भरून वाहू लागतं, तेल चाकांच्या सीलपर्यंत पोहोचतं आणि मागच्या ब्रेक लायनरवर येतं. या गाडीचे मागचे दोन्ही लायनर तेलाने काळे पडलेले होते.

नळीचं दुसरं काम याहून महत्त्वाचं. चाकं रस्त्याला रेटा देतात तेव्हा गाडीला पुढे ढकलणारा जोर या नळीतून गिअरबॉक्सच्या शेपटीवर येतो आणि तिथून माउंटिंगमार्फत चासीला मिळतो. म्हणजे इथे गिअरबॉक्स नुसते गिअर बदलत नाही, मागच्या अॅक्सलचा रेटाही सोसतो.

पर्याय

पहिला पर्याय मालकांच्या पुतण्याने आग्रहाने मांडला: एखादा देशी पाच गिअरचा बॉक्स अॅडाप्टर प्लेट करून इंजिनाला लावायचा. सगळ्या गिअरला सिंक्रो, भाग कुठेही मिळतात, पाचव्या गिअरमुळे हायवेवर इंजिन शांत चालेल. यातला शेवटचा मुद्दा आम्ही आकडे मांडून तपासला. मागच्या अॅक्सलचा रेशो 4.11, टायर 6.00-16. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 60 किलोमीटरला इंजिन साधारण 1800 फेरे मारतं, 80 ला 2400 च्या आसपास. हे 216 घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, बेअरिंग बॅबिट या मऊ मिश्रधातूची ओतलेली, कनेक्टिंग रॉडना तेल मिळतं ते मुख्यतः उडवणीने. अशा इंजिनाला दिवसभर 2400 वर ताणणं बरं नाही, हे खरं. पण मालकांना 60 च्या वर जायचंच नव्हतं. पाचव्या गिअरचा फायदा ज्या वेगाला मिळतो, त्या वेगाला ही गाडी जाणारच नव्हती.

आणि किंमत? उघड्या शाफ्टचा बॉक्स लावला की टॉर्क ट्यूब निकामी होते. मग मागचा अॅक्सल बदला, कारण रेटा आता पाट्यांनी (मागच्या स्प्रिंगांनी) सोसायला हवा. नवा अॅक्सल आला की पाट्यांचं बसवणं, ब्रेकच्या लाइनी, हँडब्रेकच्या केबली, चाकांचे बोल्ट सगळं बदलतं. गिअरबॉक्ससाठी चासीला आडवा मेंबर वेल्ड करावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर बोलतं आणि चासीला हात लावायचा तर आरटीओची पायरी चढावीच लागते. गिअरबॉक्स बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी बदलून बसतो. पुण्यात अशी अर्धवट राहिलेली जुनी गाडी मी एकाहून अधिक गॅरेजांत पाहिली आहे.

दुसरा पर्याय: जनरल मोटर्सचाच चार गिअरचा ट्रक बॉक्स, एसएम 420, अमेरिकेतून मागवायचा. फार दणकट वस्तू. पहिला गिअर 7.05, म्हणजे भरल्या गाडीला भिंतीवर चढवेल असा. वजन मात्र साठ किलोच्या घरात. हा बॉक्स त्याच काळातल्या पाऊण टनाच्या 3600 वर येई आणि तिचा शाफ्ट उघडा असे. म्हणजे फिरून तोच अॅक्सलचा प्रश्न. शिवाय रिकाम्या गाडीत पहिला गिअर वापरातच येत नाही. दुसऱ्यावर सुटायचं आणि उरलेल्या तिनांवर चालवायचं, म्हणजे पुन्हा तीन गिअरच. मंडईचा माल आजही वाहायचा असता, तर मी याच पर्यायाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

तिसरा पर्याय: मूळ बॉक्स, मूळ टॉर्क ट्यूब, नव्याने बांधलेली.

निर्णय

मालक सुरुवातीला तिसऱ्या पर्यायाला नाखूश होते. "तोच बॉक्स बांधायचा म्हणजे तीच रड पुन्हा," असं त्यांना वाटत होतं. मिस्त्रींनी त्यांना तुटलेला काउंटर गिअर हातात दिला आणि दाते दाखवले. सगळे घाव एकाच बाजूला, पहिल्या गिअरच्या ओळीवर. बाकीच्या ओळी सत्तर वर्षांनंतरही वापरण्याजोग्या. "काका, हा बॉक्स कमजोर नाही. भरल्या गाडीला घाटात चालत्यात पहिला मारलाय. आता ना माल आहे ना घाई." मुलीने तिथेच विचारलं की डबल क्लच कसा मारतात. निर्णय तिथे झाला असं मला वाटतं.

पुढचा निर्णय तितकाच अवघड होता: दाते कुठून आणायचे? भोसरी एमआयडीसीत गिअर कापणारे उत्तम लोक आहेत आणि माझा कल आधी तिकडेच होता. तिथल्या एका कारखानदाराने नमुना पाहून सरळ सांगितलं की अमेरिकन गिअर डायमेट्रल पिचमध्ये (इंचांच्या मापात) असतात, आमची बहुतेक हॉब, म्हणजे दाते कापायची हत्यारं, मॉड्यूलची (मिलिमीटरच्या मापाची), त्या पिचचं हॉब वेगळं आणावं लागेल. काउंटर गिअर म्हणजे एकाच तुकड्यावर अनेक ओळी. हेलिकल दात्यांचा कोन नेमका उतरला पाहिजे, मग कार्ब्युराइझिंग (पृष्ठभाग कठीण करणं), त्यात येणारा वाक, मग ग्राइंडिंग. "एक नग करून देतो, पण जोडीचा गिअर जुनाच राहणार असेल तर आवाजाची हमी देणार नाही." इतकं स्पष्ट बोलणारा माणूस भेटला हे आमचं भाग्य.

म्हणून वाटणी केली. दातेवाले भाग, म्हणजे काउंटर गिअर आणि सरकता गिअर, अमेरिकेतून जुन्या न वापरलेल्या साठ्यातले घेतले. त्यांच्याबरोबर सिंक्रोच्या रिंगा आणि टॉर्क ट्यूबचं बुश-सीलचं किटही आलं. गोल भाग, म्हणजे काउंटर शाफ्ट, थ्रस्ट वॉशर, दांड्याच्या जोडांचे बुश, हे सगळं पुण्यात केलं. फ्लायव्हीलच्या मधोमध बसणारं पायलट बुशही इथेच करणार होतो, फॉस्फर ब्रॉन्झचं. मिस्त्रींनी अडवलं. त्या जागी पुन्हा तेल देता येत नाही, म्हणून तेल मुरवलेलं सिंटर ब्रॉन्झ हवं. ते तयार मापाच्या जवळचं मिळालं, बाहेरून थोडं टर्न करून बसवलं. आतून रीमर मारला नाही, कारण त्याने छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येत नाही.

काम

बॉक्स बांधणीबद्दल लांबण लावत नाही. शाफ्टचा आडवा खेळ वॉशर बदलून कमी केला, तेव्हा दुसरा गिअर सुटायचा थांबला. दांड्याचे बुश नवे घातले, तेव्हा तो अडकायचा थांबला.

टॉर्क ट्यूबचं काम अंगमेहनतीचं. मागचा अॅक्सल मोकळा करून ट्यूबसकट मागे ओढला, जुनं बुश काढलं, नवं दाबून बसवलं, सील घातलं. डिफरन्शियल पूर्ण रिकामं करून धुतलं, कारण त्यात आता दोन तेलांचं मिश्रण होतं. मागच्या हायपॉइड गिअरना ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल लागतं. गिअरबॉक्सला मात्र आम्ही जीएल-4 दर्जाचं 90 नंबरचं तेल घातलं. दुकानदार जीएल-5 पुढे करतात, "जास्त चांगलं" म्हणून. त्यातली जास्तीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं ब्रॉन्झच्या रिंगांना मानवत नाहीत.

क्लचकडे येऊ. शेवरोलेने त्या काळातही डायफ्राम स्प्रिंगचा क्लच वापरला होता. आमच्या प्रेशर प्लेटच्या बोटांची टोकं रिलीज बेअरिंगने (पेडल दाबलं की बोटांना रेटणाऱ्या बेअरिंगने) घासून चकचकीत आणि पातळ झालेली, म्हणून ती बदलली. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक तडे होते, ते ग्राइंडिंगने निघाले. क्लच प्लेटचा मधला भाग ठीक दिसला, स्प्रिंगा घट्ट होत्या, म्हणून तीच प्लेट लायनर लावायला पाठवली. रिव्हेटांची डोकी लायनरच्या आत नीट बसलीत हे पाहून घेतलं.

प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट वापरला. बॉक्स चढवताना बेल हाऊसिंगच्या वरच्या दोन भोकांत बोल्टांऐवजी लांब गाइड स्टड लावले आणि बॉक्स त्यांच्यावरून सरळ आत सरकवला. बॉक्सचं वजन क्षणभरही क्लच प्लेटच्या बुशावर टांगू द्यायचं नाही, हा मिस्त्रींचा नियम.

क्लच सुटेना

इंजिन चालू केलं, पेडल दाबलं, रिव्हर्स टाकला आणि कर्र असा आवाज आला. पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फिरतच होती. पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) मोजला, पाऊण ते एक इंच हवा, तितका होता.

इथे दोन वाटा होत्या. सोपी वाट म्हणजे रॉडचा नट फिरवून फ्री प्ले शून्यावर आणायचा. प्रेशर प्लेट थोडी जास्त उचलली जाते आणि गिअर पडायला लागतो. हेल्परने तसं करून दाखवलंही. पण मग रिलीज बेअरिंग कायम बोटांना टेकून फिरतं, लवकर जळतं, आणि लायनर थोडा झिजला की क्लच घसरायला लागतो. म्हणजे जी तक्रार घेऊन गाडी आली तीच परत. मालक समोर उभे होते, गाडी घरी न्यायची आशा चेहऱ्यावर दिसत होती. मिस्त्री म्हणाले, "आज नेऊ नका." बॉक्स पुन्हा उतरला.

प्लेट लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल (बारीक डोलणं मोजणारं उपकरण) लावला. कडेला साधारण दीड मिलिमीटर डोलत होती. अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी. लायनर सरळ होते, मधली पत्र्याची तबकडीच वाकलेली होती. आधीच्या गॅरेजने बॉक्स अर्धवट ओढून तसाच लोंबकळत ठेवला असणार, असा मिस्त्रींचा अंदाज, आणि बुशाजवळच्या खुणा त्याला पुष्टी देत होत्या. वाकलेली तबकडी ठोकून सरळ करण्याचा विचार पाच मिनिटंही टिकला नाही. त्याच व्यासाची, दहा स्प्लाइनची (मधल्या भोकातल्या खाचांची) नवी प्लेट मागवली. ती येईपर्यंत गाडी ठोकळ्यांवर उभी राहिली, पण तेवढ्या वेळात मागचे ब्रेक लायनर बदलून झाले.

परिणाम

नव्या प्लेटवर रिव्हर्स आवाज न करता पडला. पहिली मोठी फेरी हडपसरहून दिवे घाट चढून सासवड अशी झाली. घाट दुसऱ्या गिअरवर निघाला. एका वळणावर पुढे ट्रक अडला, मुलीने गाडी पूर्ण थांबवली, पहिला टाकला आणि निघाली. सासवडला पोहोचल्यावर मिस्त्रींनी डिफरन्शियलचा प्लग उघडून बोट आत घातलं. तेल भोकाच्या खालच्या कडेला, जिथे असायला हवं तिथेच.

दुसऱ्या गिअरमध्ये बारीक घूंऽ असा आवाज येतो, कारण नव्या काउंटर गिअरबरोबर दुसरा गिअर जुनाच चालतो आहे. भोसरीच्या कारखानदाराने सांगितलेली गोष्ट आयात भागालाही लागू पडली. मालकांना ते आधीच सांगितलं होतं आणि त्यांची तक्रार नाही. खर्चाचं म्हणाल तर बाहेरून आलेले भाग इथल्या मजुरीपेक्षा बरेच महाग पडले. तरी अॅक्सल बदलण्याच्या पर्यायाहून एकूण आकडा कमीच राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

क्लच प्लेट लायनर लावायला देण्याआधीच डायलवर फिरवायला हवी. लेथवर हे दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने बॉक्सची एक अख्खी चढ-उतार वाचते. गाडी दुसऱ्या गॅरेजातून अर्धवट सुटलेली असेल, तर मला ही तपासणी टाळण्यासारखी वाटत नाही.

दुसरा गिअरही त्याच वेळी मागवला असता तर आवाज राहिला नसता. त्या वेळी तो "वापरण्याजोगा" म्हणून सोडला, खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण पार्सल एकदाच येतं, कस्टम एकदाच भरावा लागतो. जोडीने फिरणारे भाग जोडीनेच मागवावेत, असं मी आता प्रत्येकाला सुचवतो.

पर्यायांची चर्चाही उलट्या क्रमाने झाली. घरच्यांनी आधी बॉक्सची नावं काढली, व्हिडिओ पाहिले, अॅडाप्टर प्लेटचे भाव विचारले. गाडीखाली वाकून शाफ्ट उघडा आहे की नळीतला, हे नंतर पाहिलं गेलं. 1954 पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या शेवरोलेत हा प्रश्न पहिल्या दिवशी सुटतो आणि अर्धे पर्याय तिथेच गळतात. गाडी 1955 च्या दुसऱ्या मालिकेतली किंवा नंतरची असेल, तर शाफ्ट उघडा मिळतो आणि चार गिअरच्या बॉक्सचा विचार खुशाल करावा.

पुढचं काम ठरलेलं आहे: पहिल्या हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल बदलायचं, त्यात चुरा दिसतो का पाहायचं आणि पेडलचा फ्री प्ले पुन्हा मोजायचा, कारण नवा लायनर बसत जातो तसा तो कमी होतो.